वजनकाट्यावर घावणा: जेवणाशी पुन्हा सूत कसं जुळवायचं?

तिरफळ

नमस्कार मंडळी. 1 जूनपासून मासेमारी बंद, पर्यटक बंद, आमच्या खाणावळीलाही कुलूप. म्हणून जरा निवांत लिहायला बसलेय. लांबण लागणार आहे, चालवून घ्या.

मी मालवणजवळच्या देवबागची. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, मधल्या चिंचोळ्या पट्टीत घर आणि घरातच खाणावळ. सासूबाई आणि मी मिळून चालवतो. दिवाळीपासून मे अखेरीपर्यंत पहाटे नारळ खोवण्यापासून रात्री टोप उपडे घालण्यापर्यंत बूड टेकायला मिळत नाही. हे आधीच सांगते, कारण 'व्यायाम करा' हा सल्ला येणारच.

डिसेंबरात गावात तपासणी शिबिर होतं. माझी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, 6.1 निघाली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात, वजन थोडं उतरवा, संध्याकाळी चाला. एवढंच. पुढचं महाभारत ठाण्याच्या जाऊबाईंमुळे. त्या एका ऑनलाइन ग्रुपात होत्या, त्यांनी मलाही घातलं. फी भरली, तिथल्या बाईंनी तक्ता पाठवला. सकाळी कोमट पाण्यात व्हिनेगर, मग ओट्स. दुपारी उकडलेले मूग आणि काकडी. रात्री सूप. भात बंद, नारळ बंद, आंबा बंद, फणसाचं तर नावच नको. प्रत्येक ताटाचा फोटो टाकायचा, मग त्याला हिरवी नाहीतर लाल खूण मिळायची. एकदा बांगड्याच्या आमटीचा फोटो टाकला तर बाईंनी विचारलं, यात क्रीम घातलंय का? ते वाटप होतं हो, ओल्या नारळाचं.

वजन उतरलं, खोटं कशाला बोलू. मार्चपर्यंत छान उतरलं. ब्लाउज सैल झाले, जाऊबाई खूश. मग काटा जागच्या जागी थांबला आणि केसांचे पुंजके हातात यायला लागले. आणि रात्रीचं ते सुरू झालं.

शेवटचं गिऱ्हाईक उठून गेलं, भांडी झाली, सासूबाई आडव्या झाल्या की वड्यांचा डबा उरायचा. दुपारचे वडे, गार, कडा वातड झालेल्या. दिवा न लावता ओट्याला टेकून खायचे. ताट नाही, सोबत सागोती नाही, काही नाही. डबा रिकामा होईपर्यंत. चव लागत होती असंही नाही. दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून दुपारपर्यंत नुसतं लिंबूपाणी, आणि त्याच पोटाने चाळीस माणसांचं रांधायचं. ग्रुपवर रविवारी एक 'चीट मील' माफ असतं. माझं रोजचं होतं, त्यामुळे त्याचा फोटो कधी गेला नाही.

हे सगळं माझ्यापुरतं असतं तर इथे लिहिलं नसतं. लेक नववीतून दहावीत गेली. पर्यटकांना सुके सोडे पाव-पाव किलो तोलून द्यायला एक इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता, त्याच्यावर मी माझं खाणं मोजायचे. मे महिन्यात एका सकाळी बघते तर लेक काट्यावर घावणा ठेवून उभी. गरम घावणा, वाफ निघतेय, काट्याची काच धुरकटलीय, आणि ही वाकून आकडा वाचतेय. "आई, 62 आले. अर्धा काढू?" मी म्हटलं खा गो मुकाट्याने. तिने अर्धाच खाल्ला. तेव्हापासून बघतेय, रात्रीचा भात तिने सोडलाय. हाताला तेल लावून फणसावर बसणारी पोर यंदा गऱ्यांना शिवली नाही. पाहुण्यांसमोर म्हणते, माझं डाएट चालू आहे. सासूबाई माझ्यावरच येतात, "चेडू जेवणा नाय, आवशीचा लक्ष खय असता?"

बरं, गिऱ्हाइकांचीही तीच तऱ्हा. थाळी मागवतात, भात काढून घ्या म्हणतात, आणि सोलकढी तीनदा मागतात. सोलकढीत नारळच असतो हे कोण सांगणार.

तर विचारायचं ते हे. साखर उंबरठ्यावर असताना मोजमाप सोडून देणं परवडेल का? 'मन मारू नका, हवं ते खा' असंही लोक सांगतात, ते मला पटत नाही, वडिलांकडे मधुमेह आहे. पण हे असं दिवसा उपाशी नि रात्री चोरून खाणं तरी किती दिवस चालवायचं? आणि पोरीशी काय बोलू? नवीन तक्ता किंवा दुसरा ग्रुप कृपा करून सुचवू नका.

काजूबोंडू

ताई, देवबागात ओट्स कुठे मिळाले ते आधी सांगा. आमच्या वाडीत दुकानदाराने 'घोड्याक घालतत तां?' असं विचारलं होतं.

मी मुंबईत असतो, गणपतीला गावी. ओटीवर पाय ठेवायच्या आत काकी म्हणते, "किती सुकलंस रे." पानावर बसलो की तीच काकी पोटाकडे बघून हसते. गेल्या वर्षी आरती चालू असताना मी मोबाइलमध्ये एका मोदकाच्या कॅलरी शोधत होतो, बाबांनी फोन काढून घेतला तो विसर्जनाला परत दिला. उत्तर माझ्याकडे नाही. वाचतोय.

खाडीपलीकडे

इथे आता 'आपलं पारंपरिक तेच उत्तम' अशी रांग लागेल, त्याआधी लिहून मोकळा होतो. मी राजापूरचा, मधुमेही. वडिलांचं आधी पायाचं बोट गेलं, मग पाऊल गेलं. ते कधी पिझ्झा-बर्गर खायला गेले नव्हते. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात, मधे चहात बुडवून बेकरीतले कडक बटर, आणि बागेतलं काम सुटल्यावर दिवसभर ओटीवर. तेव्हा भाताला देव्हाऱ्यात बसवू नका.

मोजण्यात वाईट काही नाही, काय मोजताय ते बघा. मी घरी ग्लुकोमीटर ठेवलाय. जेवणाआधी आणि जेवल्यावर दोन तासांनी बघतो, तेही रोज नाही. त्यातून मला जे कळलं ते कुठल्या तक्त्यात नव्हतं. नुसती पेज आणि लोणचं खाल्लं की साखर उडते. तीच पेज कुळथाच्या पिठीबरोबर किंवा भाजलेल्या बांगड्याबरोबर घेतली की तेवढी चढत नाही. दुपारी आधी मासा आणि भाजी खाऊन मग भाताला हात घातला तर आकडा खाली राहतो. जेवण झाल्यावर माडाखालून चार फेऱ्या मारल्या तर आणखी. भात मी सोडलेला नाही, दोन डाव घेतो.

आणखी एक, ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांच्यासाठी. आमच्या वाडीतल्या एकाने कुणाचं तरी ऐकून दिवसातून दोनदाच जेवायला सुरुवात केली. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू होती, ती तशीच घेत राहिला. एसटी स्टँडवर घामाने थबथबून खाली बसला. लोक म्हणाले ऊन लागलं. साखर खाली गेली होती. अशा गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. ताईंना गोळी नाही, पण हा धागा वाचणाऱ्या कुणाला तरी असेल.

पोरीचं मला कळत नाही. मला मुलगेच.

नाचणीसत्त्व

तिरफळताई, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. तक्ता देत नाही, घाबरू नका. रात्रीच्या वड्यांपासून सुरू करते, कारण बाकीची गाठ तिथून सुटते.

ती हाव नव्हती. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. लढायला नकार दिलेले तरुण होते, स्वखुशीने आले होते. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा जेवतं कसं करायचं हे शोधायचं होतं. त्यांना सहा महिने रोज सुमारे 1,570 कॅलरी दिल्या. (बायकांना मिळणारे कित्येक ऑनलाइन तक्ते याहून कमी असतात, हे जाता जाता.) वजन चौथ्या हिश्श्याने उतरलं. पण खरी गंमत त्यांच्या डोक्यात झाली. दिवसभर अन्नाच्या गप्पा. ताटं चाटून पुसून खाणं. कधी चूल न पेटवलेले गडी पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. चिडचिड, थंडी वाजणं, केस गळणं. प्रयोग संपून भरपूर जेवण मिळायला लागलं तरी काहींचं पोट तुडुंब व्हायचं आणि भूक मिटायची नाही.

त्यांना निदान दिवसभर दुसऱ्यांसाठी वडे तळायला लावलं नव्हतं.

तेव्हा रात्री तोंडावर ताबा ठेवायचा प्रयत्न सोडा, दुपार सुधारा. गिऱ्हाइकांची गर्दी सुरू व्हायच्या आधी, बाराच्या आत, बसून, ताट घेऊन जेवा. जे रांधलंय तेच. संध्याकाळीही गर्दीआधी थोडं खा, नाचणीची भाकरी आणि एखादी भाजी असं काहीही. वडा हवासा वाटला तर गरम असताना, ताटात, सागोतीबरोबर. पहिले काही दिवस तरीही रात्री डब्याकडे हात जाईल. जाऊ द्या, फक्त दुसऱ्या दिवशी लिंबूपाण्यावर राहू नका. त्या भरपाईनेच रात्रीचा हात पुन्हा डब्याकडे जातो. जेवण वेळेवर होऊनही रात्रीचं आटोक्यात येत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. वारंवार भरमसाट खाणं हा आजार म्हणून 2013 पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत स्वतंत्रपणे नोंदलेला आहे, त्यावर उपचार आहेत.

आता भात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या. त्यात 2,000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात कच्चं धान्य 250 ग्रॅम धरलंय, डाळी-कडधान्यं किंवा त्यांच्याऐवजी मासे-अंडी असं मिळून 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम. भात बंद असं कुठेही नाही. पण एकूण कॅलरींतला धान्याचा वाटा 45 टक्क्यांच्या आत ठेवा म्हटलंय, आणि खाडीपलीकडे काकांच्या वडिलांसारखं पेज, भात, पुन्हा भात असं जेवलं तर तो सहज वर जातो. म्हणून भात दोन डाव कमी, बांगडा एक जास्त, आणि आता पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू फुकटात उगवतंय ते वाटीभर. तांदूळ शक्यतो उकडा घ्या. उकडताना वरच्या थरातलं ब1 जीवनसत्त्व दाण्यात उतरतं, सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ पॉलिश केला की ते कोंड्याबरोबर जातं. कुळथात 100 ग्रॅमला 20-22 ग्रॅम प्रथिनं असतात आणि नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. यातलं काही ठाण्याहून मागवावं लागत नाही.

नारळात संपृक्त चरबी भरपूर असते हे खरं आहे, म्हणून एकाच जेवणात घट्ट वाटपाची आमटी आणि वर तीन वाट्या सोलकढी नको. एवढंच. जून-जुलैत सुक्या माशावर भर असेल तर तो नीट धुऊन घ्या, विशेषतः सासूबाईंना रक्तदाब असेल तर.

वजनाचं म्हणाल तर तुमचे डॉक्टर 'थोडं' म्हणाले, तेच बरोबर आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांना सुमारे 7 टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम एवढंच ध्येय दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. सत्तर किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे पाच किलो. बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा, आकडा मूळचा केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचा, 1830 च्या दशकातला, लोकसंख्येचा अभ्यास करण्यासाठी काढलेला. त्याला आजचं नाव 1972 मध्ये याच कीजनी दिलं. एका माणसाची तब्येत त्याच्यावरून पुरती कळत नाही. त्यापेक्षा कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचं. तेही सहा महिन्यांतून एकदा, रोज सकाळी नव्हे.

केस साधारणपणे झटपट वजन उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि खाणं सुधारलं की परत येतात, पण हिमोग्लोबिन आणि थायरॉईड एकदा तपासून घ्या. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. भराभर वजन उतरवणाऱ्यांत पित्ताचे खडे होतात.

लेकीबद्दल वेगळं लिहिते. तिला पाळी नियमित येते का, तेवढं सांगा.

माजघर

मी गुहागरकडची, निवृत्त शिक्षिका. आहारातलं मला या ताईंएवढं कळत नाही. सासूबाईंची बाजू घ्यायला आले आहे.

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, वेळी आमच्या घरात सुकट, मीठ, आमसुलं, कांद्याच्या माळा, मातीत पुरलेल्या फणसाच्या आठळ्या, सगळं भरून व्हायचं. हल्ली त्याचे सुंदर फोटो येतात. ते भरायचं कारण सुंदर नव्हतं. मुंबईची मनीऑर्डर लांबली की श्रावणात कणगीचा तळ दिसायचा, आणि पेजेत पाणी वाढत जायचं. ज्यांनी ते काढलंय त्यांना पानात टाकलेला अर्धा घावणा बघवत नाही. त्या नातीवर रागावत नाहीत, त्यांना भीती वाटते. त्यांना 'आजी, तुमच्या वेळी कसं होतं' असं कुणी विचारलंय का कधी?

पण म्हणून जुनं सगळं चांगलं होतं असंही नाही. आमच्या घरात आई शेवटी जेवायची. बाप्ये, मग मुलं, मग गडी, मग सासू, मग ती. मासा असला तर तिच्या वाट्याला डोकं आणि आमटी. भाताच्या टोपाला लागलेली खरवड काढून खायची, चुलीपाशी, अंधारात. तिरफळताई, तुमच्या रात्रीच्या वड्यांचं वाचलं तेव्हा मला ऑनलाइन ग्रुप आठवला नाही, माझी आई आठवली. तुम्ही चाळीस माणसांना वाढून शेवटी ओट्याशी उभ्या. तो तक्ता जाईल हो, पण ही रीत आधीपासून आहे. नाचणीसत्त्व ताईंनी 'गर्दीआधी बसून जेवा' सांगितलं ते तुम्हाला भात खाण्यापेक्षा जड जाणार आहे. घरच्या बाईने गिऱ्हाइकाआधी जेवायचं म्हणजे काय, असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे.

तिरफळ

सगळ्यांचे आभार. एकेक सांगते.

माजघर ताईंचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. 'डाएट' म्हणजे नेमकं काय ते आधी समजावून सांगावं लागलं. ऐकून म्हणाल्या, "आमका कसला डायट? पेजेत शीत शोधूचा लागा." मग तासभर बोलत होत्या. लेक मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होती, हे नवल. मग त्यांनीच तिला हाक मारली, ये गे, आठळ्यो सोल. दोघींनी मिळून आठळ्यांची भाजी केली. लेकीने किती खाल्ली ते मी मुद्दाम बघितलं नाही.

आधी जेवायचं म्हणताय, त्यावर सासूबाई गप्पच होत्या. नवरा म्हणाला, गिऱ्हाईक बारालाच यायला लागतं, साडेअकराला जेव, मी वाटप काढतो. वाटप काढतो म्हणाला खरा, मिक्सर कुठे असतो ते त्याला ठाऊक आहे की नाही बघू. ते दिवाळीनंतर कळेल. सध्या चौघं एकत्र जेवतो आणि माझं रात्रीचं कमी झालंय. बंद नाही, कमी.

खाडीपलीकडे काका, तुमचं पटलं. भाजी-मासा आधी, भात मागाहून, हे सोपं आहे, मी सुरू केलंय. ग्लुकोमीटर मात्र घरात आणणार नाही. माझा स्वभाव मला माहीत आहे, दिवसातून दहा वेळा बोट टोचत बसेन. काटा परत सोड्यांच्या डब्याशेजारी गेला.

ग्रुप अजून सोडलेला नाही, फी जुलैपर्यंतची भरलेय आणि परत मिळत नाही म्हणाल्या. फोटो टाकणं बंद केलं तर रोज 'आपण कुठे आहात?' असा निरोप येतो.

नाचणीसत्त्व ताई, पाळीचं तुम्ही विचारलंत म्हणून लेकीला विचारलं. एप्रिलपासून आलेली नाही. तिला वाटलं बरंच झालं, कटकट गेली. मला धस्स झालं. आणि काल रात्री तिने विचारलं, "आई, मी जाडी झालेय का?" मी म्हटलं छे, कुठे, उलट बारीकच झालीस. ती खूश झाली. तिचं खूश होणं बघून मलाच कसंतरी झालं. काय म्हणायला हवं होतं?

नाचणीसत्त्व

ताई, पाळीचं आधी. दहावीची गडबड, शाळा सुरू होऊ दे, असं करत थांबू नका. या आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. पाळी थांबायला इतरही कारणं असतात, पण वाढत्या वयात खाणं तुटलं की शरीर अनेकदा ती बंद करतं, आणि ती बंद राहिली तर हाडांवर परिणाम होतो. या वयात हाडं भरत असतात, नंतर ती भर पुरती निघत नाही. चक्कर येते का, सारखी थंडी वाजते का, जेवल्यावर लगेच न्हाणीत जाऊन बराच वेळ लावते का, एकटीच खाते का, हे तिच्या पाठीमागे हेरगिरी न करता बघून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. वजन फार कमी झालेलं नसलं तरी हे घडू शकतं, त्यामुळे 'दिसायला तर बरी आहे' म्हणून कुणी परत पाठवलं तर दुसरीकडे दाखवा. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसतील तर टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, 2022 पासून चालू आहे, फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. तिथे तुम्हीही आई म्हणून बोलू शकता.

तिच्या प्रश्नाला 'छे, बारीक झालीस' म्हटलं की बारीक होणं हे बक्षीस ठरतं. 'हो, जरा' म्हणणं तर नकोच. मी आयांना सांगते, उलट विचारा. "आज हे कुठून आलं गो? कुणी काही बोललं का?" बहुतेक वेळा वर्गातलं कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं, नाहीतर मोबाइलवर काही बघितलेलं असतं. वयात येताना मुलींच्या कंबरेला-मांड्यांना भर येते, ती यायलाच हवी, हे साध्या शब्दांत सांगा. तुमच्या स्वतःच्या अंगाबद्दल तिच्यादेखत काही बोलू नका, चांगलंही नको. जाऊबाई आल्या आणि 'वा, किती उतरलीस' म्हणाल्या तर विषय बदला. पानावर बसल्यावर कुणी किती खाल्लं यावर चकार शब्द नाही, सासूबाईंकडूनसुद्धा. तिने भात टाकला तर टोकू नका, पण तिच्यासाठी वेगळं सूपही करू नका. सगळ्यांचं तेच पान, ती बसेल तेवढं बसेल. आणि डॉक्टरांकडे नेताना 'तुझं खाणं बिघडलंय म्हणून' असं नको, 'पाळी चुकली म्हणून' एवढं पुरे. ते खरंच आहे.

जून-जुलै तुम्ही घरात आहात हे चांगलं झालं.

काजूबोंडू

काकीला हा धागा पाठवला. तिने 'छान'वाला अंगठा टाकला आणि खाली लिहिलं, 'गणपतीक येतलंस मां? किती किलो झालंस?'

तिरफळ

गुरुवारी मालवणला डॉक्टरीण बाईंची वेळ मिळालीय, लेक यायला तयार झाली. म्हणाली, आजी येणार असेल तर येते. तर तिघी जातोय. त्याच फेरीत माझी साखरही परत करून घेते. एचबीएवनसीला उपाशी जावं लागतं का? पावसात पहिली एसटी पकडायची म्हणजे पहाटे निघावं लागेल.

खाडीपलीकडे

नाही, ती कधीही करता येते, खाऊन गेलात तरी चालतं. उपाशी लागते ती दुसरी, सकाळची. दोन्ही लिहून दिल्या असतील तर आधी फोन करून विचारा. आणि केस गळण्यासाठी हिमोग्लोबिन करणारच आहात, तर तो रिपोर्टही डॉक्टरांना सोबत दाखवा. रक्त फार कमी असलं तर एचबीएवनसीचा आकडा खरा येत नाही, हे मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.